‘गाडीवरून पडून मयत’: ऊसतोड कुटुंबाच्या एका भरपाई अर्जाचं प्रकरण

तिने माझ्या टेबलावर कापड दुकानाची एक जुनी पिशवी उपडी केली. नवऱ्याचं आधार कार्ड, दोन पासबुकं, मृत्यूचा दाखला, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशोबाच्या वहीतलं फाडलेलं पान आणि पोलीस ठाण्याचा एक पुसट झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर आकस्मिक मृत्यूची खबर होती आणि मृत्यूचं कारण एका ओळीत लिहिलं होतं: बैलगाडीवरून तोल जाऊन पडून मयत.

मी ती ओळ तिला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ओ ताई, ते गाडीवर नव्हतेच. बैलाच्या म्होरं चालत होते. गाडीनं उडवलं त्यांला.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“मला कुणी इचारलंच नाही.”

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करते आणि तिथल्या तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे. हे प्रकरण त्या समितीमार्फत माझ्याकडे आलं. माणसं आणि गावं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत. क्रम, कागद आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, माझी चूकसुद्धा.

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीच्या हिशोबात मजुरांची एक जोडी. दिवाळीनंतर टोळीबरोबर दक्षिण महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात गेलेले, दोन मुलं गावी सासूजवळ. त्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास भरलेली टायरगाडी कारखान्याकडे निघाली होती. उतार होता, म्हणून तो खाली उतरून बैलांना धरून पुढे चालत होता. ती वर उसाच्या मोळ्यांवर बसलेली आणि मागच्या गाडीवर तिचा तेरा वर्षांचा पुतण्या. मागून उजेड आला, आवाज झाला, बैल बुजले. ती खाली उतरेपर्यंत धडक देणारं वाहन निघून गेलं होतं. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा तो गेलेला होता. ती शवागाराबाहेर बसून राहिली आणि पोलिसांना खबर दिली टोळीतल्या एका माणसाने, जो मागच्या खेपेला होता. घटना त्याने पाहिलीच नव्हती. त्याला दिसला तो बैलगाडीच्या चाकाजवळ पडलेला माणूस. तेवढ्यावरून जे समजलं ते त्याने सांगितलं, आणि तेच लिहिलं गेलं. त्याला मी दोष देत नाही.

पण त्या एका ओळीने काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं. ‘गाडीवरून पडून’ म्हणजे गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणजे एफआयआर नाही, फक्त आकस्मिक मृत्यूची नोंद. एफआयआर नाही म्हणजे धडक देणाऱ्या वाहनाचा शोध नाही. आणि मोटार अपघातच झाला नाही, तर भरपाई कसली? बाई माझ्याकडे आली तोवर त्या मृत्यूला ४१ दिवस झाले होते आणि सरकारदफ्तरी तो मृत्यू कुणाच्याही हातून झालेला नव्हता.

ती आली तीसुद्धा भरपाईसाठी नाही. मुकादम हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, परत मागत होता. कोयता मोडला, आता अर्ध्या कोयत्यावर फेड कशी करणार, असं तो म्हणत होता. गावातल्या अंगणवाडीताई आमच्या समितीच्या विधी स्वयंसेविका आहेत. त्यांनी तिला सांगितलं, उचलीचं बघू, पण आधी वकीलताईंना पोलिसांचा कागद दाखव. या एका वाक्याबद्दल मी त्या ताईंची ऋणी आहे.

कायद्यात तीन दरवाजे होते. पहिला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा: धडक देणारं वाहन सापडलं, तर त्याचा मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून पूर्ण नुकसानभरपाई. दुसरा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ चा: वाजवी प्रयत्न करूनही वाहनाची ओळख पटली नाही, तर मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. ही योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याआधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. तिसरा तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा. पण ऊसतोड मजूर नक्की कुणाचा कामगार, कारखान्याचा की वाहतूक ठेकेदाराचा की मुकादमाचा, यावर वर्षानुवर्षं भांडावं लागतं. तो दावा मी मनात बाजूला ठेवला, सोडला नाही.

पहिल्या दोन्ही दरवाजांची किल्ली एकच होती, एफआयआर.

गुन्हा घडला साडेतीनशे किलोमीटर लांब. तिकडे जायचं, राहायचं, दोन-तीन खेटे घालायचे, हे त्या घराला झेपणारं नव्हतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुणाच्या हद्दीत घडला हे बघायचं नसतं. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो त्या हद्दीत पाठवायचा. पूर्वीही हे आदेशांनी चालत होतं, आता थेट कायद्यात आहे. तरी ठाणे अंमलदार पहिल्यांदा म्हणालेच, “मॅडम, हद्द तिकडची, फिर्याद तिकडंच द्यायला लावा.” मी वाद घातला नाही. कलमाचा उतारा जोडलेला लेखी अर्ज दिला, पोच मागितली. पोच द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी वरिष्ठांना फोन लावला आणि तासाभरात फिर्याद घ्यायला बसले.

या टप्प्यावर वकिलाने गप्प बसायचं असतं, असं माझं ठाम मत आहे. फिर्याद तिच्या तोंडून, तिच्या शब्दांत यायला हवी. आमच्याकडे काही जण अशा वेळी अशिलाला पढवून आणतात: गाडी पांढरी होती, भरधाव होती, नंबरचे शेवटचे दोन आकडे अमुक होते. पुढे तपासात तेच अंगलट येतं. तिने नंबर पाहिला नव्हता, म्हणून ‘नंबर पाहिला नाही’ असंच लिहिलं गेलं. रंग विचारला तेव्हा ती म्हणाली, “पांढरट वाटली, पण अंधार होता.” तेही तसंच लिहिलं. गाडी थांबली नाही, एवढं मात्र तिने तीनदा सांगितलं. पुतण्याचं नाव साक्षीदार म्हणून आलं. कलमं लागली ती बेदरकार वाहन चालवणं आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं यांची, भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १०६(१), आणि अपघातानंतर न थांबता निघून जाण्याची, मोटार वाहन कायद्याचं १३४ आणि १८७, ‘अज्ञात वाहनचालकाविरुद्ध’. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती आम्ही तिथल्या तिथे घेतली. मृत्यूनंतर ४७ वा दिवस होता.

घटनास्थळाच्या ठाण्यात मात्र आधीची आकस्मिक मृत्यूची फाईल तयार होती आणि त्यांच्या दृष्टीने ती जवळजवळ संपली होती. तपासी अंमलदारांचा फोन आला. बोलणं सौम्य होतं, पण सूर असा की दीड महिन्याने बाईला अचानक अपघात कसा आठवला. शंका घेणं त्यांचं काम आहे, मला त्याचं वाईट वाटलं नाही. उत्तर शोधणं माझं काम होतं. मी पंचनाम्यांच्या आणि शवविच्छेदन अहवालाच्या नकला मागितल्या.

नकला आल्या आणि घटनास्थळ पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर, मातीचा प्रकार आणि रस्त्याची रुंदी यांच्या मध्ये, एका हवालदाराने लिहिलेलं एक वाक्य सापडलं: डांबरी रस्त्याच्या कडेला नारिंगी रंगाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे पडलेले दिसतात. बैलगाडीला इंडिकेटर नसतो. ते तुकडे कुणी जप्त केले नव्हते, पण त्या अनाम हवालदाराने डोळ्यांना दिसलं ते इमानाने लिहून ठेवलं होतं. शवविच्छेदन अहवालात छाती आणि कंबरेच्या हाडांचा चुराडा नोंदलेला होता, शिवाय पाठीवर घासटल्याच्या लांब जखमा. मी हे दोन्ही उतारे बाईच्या फिर्यादीशेजारी ठेवून एक पानाचं निवेदन पाठवलं. पुतण्याचा जबाब झाला. गुन्हा तिकडे नियमित क्रमांकाने नोंद झाला आणि तपास सुरू झाला.

आता माझी चूक. बाई ज्या दिवशी आली त्याच दिवशी, एफआयआरची वाट न बघता, त्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला आणि कारखान्याच्या वजनकाट्याला सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा अशी पत्रं मी पाठवायला हवी होती. एफआयआर आधी, मग बाकीचं, असा मी सरळ क्रम लावला. पोलीस पंपावर पोहोचले तेव्हा तिथल्या यंत्रावर फक्त मागच्या तीस दिवसांचं चित्रण शिल्लक होतं. खरं तर ४१ व्या दिवशीही ते मिळालं नसतं, हे मला कळतं. पण काट्यावरचं चित्रण जास्त दिवस टिकतं असं नंतर समजलं, आणि तेही आमच्या हातून चार दिवसांनी निसटलं. काट्यासमोरून ते वाहन गेलं असेलच असं नाही. गेलं असतं, तर काय झालं असतं याचा हिशोब मी करून ठेवला आहे.

तो हिशोब असा. मृत माणूस ३२ वर्षांचा. न्यायाधिकरणाने त्याची कमाई महिना १२ हजार धरली असती, असं समजू. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात ठरवून दिलंय की स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्याचे ४० टक्के मिळवायचे. म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. मागे चार अवलंबून आहेत, बायको, दोन मुलं, आई, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १,५१,२००. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. एकूण २४ लाख १९ हजार २००. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची ठरीव रक्कम वेगळी.

वाहन सापडलं तर २४ लाखांच्या वर, नाही सापडलं तर २ लाख. त्याच माणसाचा तोच मृत्यू. म्हणून कलम १६१ चा अर्ज पहिल्या दिवशी भरून टाकणारा वकील मला आवडत नाही. वाहन शोधायचा आग्रह आधी धरायचा, आणि तो धरताना दुसऱ्या दरवाजाचे कागद शांतपणे जमवत राहायचे. न्यायाधिकरणाकडे दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असं २०२२ पासून पुन्हा लागू झालंय. ती तारीख मी डायरीत लाल शाईने लिहून ठेवली होती आणि दर पंधरा दिवसांनी तपासी अंमलदारांना एक पत्र जात होतं. टोलनाक्याची यादी आली, तीन वाहनांची तपासणी झाली, एकाचाही इंडिकेटर फुटलेला किंवा नव्याने बसवलेला आढळला नाही. मार्चच्या शेवटी मी बाईला सांगितलं, आता २ लाखांचा अर्ज करू या, तपास चालूच राहील.

इथे एका निकालाबद्दल सांगायलाच हवं. कोईम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते सुरक्षेबद्दल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात १२ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती पंकज मिथल यांनी खास ‘धडकून पळालेल्या’ वाहनांच्या बळींसाठी आदेश दिले. न्यायालयासमोर आलेले आकडे मी शिबिरांत नेहमी सांगते: २०२२ या वर्षात देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले, आणि २०२२-२३ मध्ये भरपाईसाठी आलेले अर्ज होते २०५. त्यांतले ९५ निकाली निघाले. पैसे आहेत, योजना आहे, फक्त माणसांना कुणी सांगत नाही. म्हणून न्यायालयाने सांगण्याची जबाबदारी टाकली. महिनाभर प्रयत्न करूनही वाहन सापडलं नाही, तर ठाणे प्रभारीने जखमीला किंवा वारसांना लेखी कळवायचं की या योजनेखाली भरपाई मागता येते, आणि अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ताही द्यायचा. अपघाताचा पहिला अहवाल त्या अधिकाऱ्याकडे परस्पर पाठवायचा. अहवाल मिळून महिना झाला तरी अर्ज आला नाही, तर त्या अधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि प्राधिकरणाने कुटुंबाला गाठून अर्ज भरून घ्यायचा. म्हणजे शोधत जायचं काम आता आम्हा वकिलांचं आहे, बाईने आमचं दार शोधायचं नाही.

आमच्या प्रकरणात असं कळवणारं पत्र आलं नाही.

अर्ज करायचा तो अपघात झाला त्या तालुक्यात. गावच्या तहसीलमध्ये तो घेत नाहीत, आणि इथे बरीच कुटुंबं महिनोन् महिने चुकीच्या खिडकीत उभी राहतात. कागद तसे थोडे: नमुना १ मधला अर्ज, नमुना ४ मधलं हमीपत्र, मृताचा आणि अर्जदाराचा ओळख-पत्ता, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, पासबुकाची प्रत. दवाखान्यात उपचार झाले असतील तर त्याचं बिल. आमच्याकडे ते नव्हतं.

हमीपत्रावर सही करायला ती बिचकली. त्यात लिहिलेलं असतं की याच मृत्यूसाठी दुसरीकडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करीन. तिने उचलीचे कागद पाहिलेले होते, ‘परत करीन’ हे शब्द तिला चांगले ठाऊक होते. मी तिला अर्धा तास समजावलं. हे कर्ज नाही. व्याज नाही. उद्या ती गाडी सापडली आणि कोर्टाने मोठी रक्कम दिली, तरच त्या मोठ्या रकमेतून हे २ लाख वळते होतील, तुझ्या घरातून काही जाणार नाही. मग तिने विचारलं, “आन् नाही घावली तर?” “तर हे पैसे तुझे.” तेव्हा तिने सही केली. अर्ज भरून देणाऱ्या पुष्कळ जणांना हा अर्धा तास द्यायला वेळ नसतो. मला वाटतं वकिलाच्या फीचा खरा भाग तोच आहे. तिला तर फी द्यायचीच नव्हती. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि ‘मिळालेल्या रकमेत एवढे टक्के माझे’ असा सौदा करणं कुठल्याही वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

पैसे कुणाच्या खात्यात, हा खरा अवघड प्रश्न होता.

सासरे पहिल्या दिवसापासून सोबत येत होते. सरळ माणूस, मुलाच्या मृत्यूने खचलेला. पण त्यांनी गृहीत धरलं होतं की रक्कम त्यांच्या खात्यात येईल आणि त्यातून मुकादमाची उचल फिटेल. मी म्हटलं, “अण्णा, कायद्याने मुलाचे पहिले वारस म्हणजे त्याची बायको, लेकरं आणि आई. बाप त्यांच्यात येत नाही.” हिंदू वारसा कायद्याच्या पहिल्या वर्गात आई आहे, वडील दुसऱ्या वर्गात. अण्णांना ते लागलं. “जलम आम्ही दिला, आन् आम्हीच बाहेर?” माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. मी फक्त म्हटलं, घरात तुम्ही बाहेर नाहीत, कागदावर आहात.

सासूबाईंशी मी वेगळं बोलले, सुनेला आणि अण्णांना बाहेर बसवून. म्हाताऱ्या बाईचा हक्क इतका खरा असताना तिला कुणी विचारतही नाही, आणि तिच्या अंगठ्याने काहीही लिहून घेतात. त्या म्हणाल्या, सारे पैसे सुनेच्या खात्यात येऊ द्या, पण नातवंडांचं नाव घालून बँकेत अडकवा, कुणालाच लगेच काढता येऊ नये. तसं संमतिपत्र झालं. आमच्या सगळ्या कायदेशीर चर्चेत त्या बाईंचाच सल्ला सगळ्यात शहाणा होता.

सुनेचं खातं मात्र बंद पडलेलं निघालं. जनधनचं, माहेरच्या नावाने, आधारवर सासरचं नाव. ते नीट करायला तीन आठवडे गेले. नवऱ्याच्या पासबुकात मी एक नोंद शोधत होते: मे-जूनच्या सुमारास २० रुपयांची कपात. ती असली तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे आणखी २ लाख मिळतात. २०२३ मध्ये ती कपात होती. २०२४ मध्ये नव्हती, त्या आठवड्यात खात्यात शिल्लक होती ११ रुपये. हे पान मी बराच वेळ बघत बसले. गावच्या तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा आणि राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या २० हजारांचा अर्ज याच काळात अंगणवाडीताईंनी भरून दिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुख्य अर्ज रजिस्टर पोस्टाने आणि तिकडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, असा दोन्ही वाटांनी गेला. तीन आठवड्यांनी तिथल्या कार्यालयाचं पत्र आलं: पोलिसांच्या ‘अ’ समरीला कोर्टाने मंजुरी दिल्याचा आदेश आणि दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र जोडा. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, असा तपासाचा शेवट म्हणजे ‘अ’ समरी. ती मंजूर व्हायला वर्ष जाऊ शकतं. वारसा प्रमाणपत्राला कोर्ट फी आणि आणखी काही महिने. योजनेतल्या कागदांच्या यादीत हे दोन्ही नाहीत. पत्र लिहिणाऱ्या लिपिकाचा हेतू वाईट नव्हता. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर आपल्या मानेवर येईल या भीतीने असे कागद मागितले जातात. म्हणून मी भांडणाचं उत्तर लिहिलं नाही. योजनेची यादी जोडली, निकालातले परिच्छेद जोडले, आणि त्यांची भीती घालवायला तपासी अंमलदारांचं ‘वाहन अद्याप निष्पन्न नाही’ असं पत्र, गावच्या तलाठ्याचा वारस पंचनामा आणि सासूबाईंचं संमतिपत्र दिलं. शेवटी एक वाक्य: चौकशी अहवाल अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात पाठवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.

तिकडच्या प्राधिकरणाच्या सचिवांनी स्वतः फोन करून पाठपुरावा केला. जबाबासाठी बाईला एकदा बोलावलं. एसटीच्या अर्ध्या तिकिटात ती आणि सासूबाई रात्रभर प्रवास करून गेल्या. तिथे एका अधिकाऱ्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि सगळं नीट ऐकून घेतलं, हे तिने परत आल्यावर मला दोनदा सांगितलं. चौकशी अहवाल जूनअखेर गेला. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि विमा कंपन्यांच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलने आणखी पंधरा दिवसांत पैसे पाठवायचे, असं योजनेत आहे. मंजुरी ऑगस्टमध्ये झाली. सप्टेंबरात तिच्या खात्यात २ लाख रुपये जमा झाले. कायद्याच्या हिशोबाने दोन महिन्यांचं काम पाच महिन्यांत. मी पाहिलेल्या प्रकरणांत हे लवकरच म्हणायचं.

दीड लाख मुलांच्या नावे ठेवीत गेले. उरलेल्यातून तिने किराणा दुकानाचं देणं दिलं, घरावरचे पत्रे बदलले आणि एक शिलाई मशीन घेतलं.

मुकादम आला तेव्हा तो एकटाच आला होता. त्याच्यावरही वरच्या ठेकेदाराचं देणं आहे, हे मला माहीत होतं. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की ही रक्कम त्या मृत्यूची भरपाई आहे, उचलीशी तिचा संबंध नाही. काम किती झालं, उचल किती उरली, याचा हिशोब कागदावर मांडा, बघू. पण बापाच्या किंवा नवऱ्याच्या उचलीपोटी त्याच्या बायकोला, मुलाला कामावर नेणं ही १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरते. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही तसं करणारे नाही.” हिशोब अजून मांडला गेलेला नाही. यंदाच्या हंगामात ती गेली नाही. पुतण्याला मात्र घरच्यांनी पाठवलं, आणि ते मला थांबवता आलं नाही.

वाहनाचा तपास कागदावर चालू आहे. ‘अ’ समरी दाखल झाली तर मंजुरीआधी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तेव्हा तो नारिंगी काचेचा मुद्दा मी पुन्हा मांडणार आहे.

पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून टोळ्या गावी आल्या तेव्हा अंगणवाडीताईंनी आपल्या आणि शेजारच्या दोन गावांत घरोघर फिरून विचारलं की मागच्या तीन हंगामांत रस्त्यावर कोण कोण गेलं. त्यांनी चार नावं आणली. चारही घरांत कागदाची एक पिशवी होती. त्यांतल्या दोन पिशव्यांमधल्या झेरॉक्सवर तीच ओळ आहे: बैलगाडीवरून तोल जाऊन पडून मयत.